पैज कंपन्यांची, अडगळ आपली

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

२००७ च्या अखेरीस भाव एकदम उतरले तेव्हा मी एचडी डीव्हीडीचा प्लेअर घेतला. शेजारीच तिच्या प्रतिस्पर्धी डिस्कचा, ब्लू-रेचा प्लेअर होता, पण तो बराच महाग. तीन महिन्यांत एचडी डीव्हीडीमागच्या तोशिबाने हात वर केले. तोवर माझ्याकडे ४३ डिस्क जमल्या होत्या. प्लेअर अजून चालतो, पण हल्ली काही डिस्क मध्येच अडकतात. बायको म्हणते, इतकी वर्षं जपलंत, आता भंगारात द्या. मुलगा म्हणतो, सगळं ऑनलाइन मिळतं, डिस्क कोण बघतं? आणि मला अजून राग येतो. हसू नका. नवीन टीव्ही घेतला तेव्हा फोर-के डिस्कचा प्लेअरही घ्यावासा वाटत होता, पण हात पुढे झाला नाही. मी तेव्हा मूर्खपणा केला का? या डिस्कचं काय करू? आणि पुन्हा कधी डिस्क घ्याव्यात का?

दोनदा पोळलेला

ता. क. दोनदा अशासाठी, की माझ्या वडिलांनी बीटामॅक्स घेतला होता, व्हीएचएसपुढे हरलेला व्हिडिओ रेकॉर्डर. त्यांचा डेक (कॅसेट चालवायचं यंत्र) आणि त्यांनी स्वतः कॅमेऱ्याने घेतलेल्या घरच्या ११ कॅसेट त्याच खोक्यात आहेत. वडील आता नाहीत. डेक लावून बघू का?

उत्तर

डेक लावू नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी त्यात कॅसेट घालू नका.

लोक खरी गोष्ट ताज्या कलमात लिहितात, हा माझा या सदरातला जुना अनुभव आहे. तुम्हीही तेच केलंत. पानभर एचडी डीव्हीडी आणि शेवटच्या चार ओळींत वडील. तिथे मी येणारच आहे. पण राग इतकी वर्षं सांभाळलाय, तर आधी त्याचं बघू.

दुकानात उभं राहून जेवढं दिसत होतं, त्यावरून तुम्ही केलेला हिशेब चुकीचा नव्हता. दोन्ही डिस्क ४०५ नॅनोमीटरच्या त्याच निळ्या-जांभळ्या लेझरने वाचल्या जायच्या. दोन्हींवर चित्र १०८० रेषांचं. फरक डिस्कच्या पोटात होता. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत, एचडी डीव्हीडीमध्ये साध्या डीव्हीडीसारखा ०.६ मिलिमीटर. थर जवळ असला की लेझरचा ठिपका बारीक करता येतो, म्हणून ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावायचे आणि एचडी डीव्हीडीच्या थरात १५. उलट एचडी डीव्हीडी डीव्हीडीच्याच कारखान्यात थोड्या फेरफाराने निघायची, त्यामुळे ती काढणं सोपं. सिनेमा दोन्हींत मावत होता. सोफ्यावर बसून डावं-उजवं करणं कुणालाही अवघडच होतं.

शिवाय तुमच्या यंत्रात काही गोष्टी सरस होत्या. डिस्कला प्रदेशाचं कुलूप नव्हतं. कुठल्याही देशातली डिस्क लागायची. चित्रात चित्र (सिनेमाच्या कोपऱ्यात दुसरं छोटं चित्र) दाखवणं आणि इंटरनेटची जोडणी एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेअरमध्ये पहिल्या दिवसापासून होती. सुरुवातीच्या ब्लू-रे प्लेअरना यातलं काही सक्तीचं नव्हतं. चित्रात चित्राची सक्ती नोव्हेंबर २००७ पासूनच्या नव्या यंत्रांना आली. म्हणजे जिंकलेल्या बाजूच्या पहिल्या ग्राहकांनीही जास्त पैसे मोजून अर्धवट यंत्रच घरी नेलं होतं. त्यांना कुणी हसत नाही, एवढंच.

निकाल लागला तो दुकानाबाहेर. २००५ मध्ये दोन्ही गट, ब्लू-रेकडून सोनी आणि एचडी डीव्हीडीकडून तोशिबा, एकच डिस्क काढायची म्हणून बोलायला बसले आणि फिसकटलं. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणला आणि प्रत्येकात ब्लू-रे ड्राइव्ह घातला. खेळायला घेतलेलं यंत्र मतदानाला आलं म्हणा ना. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन हे सिनेमा स्टुडिओ फक्त एचडी डीव्हीडीकडे गेले. त्यासाठी १५ कोटी डॉलर मोजले गेल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. नोव्हेंबरात अमेरिकेत तोशिबाचा प्लेअर १०० डॉलरच्या आत विकला गेला. तुम्ही घेतलात तो याच सुमाराला. वारं आपल्या बाजूने आहे असं वाटलं असेल, तर तसं वाटायला कारण होतं.

मग ४ जानेवारी २००८ ला, तोवर दोन्हीकडे सिनेमे काढणाऱ्या वॉर्नरने यापुढे फक्त ब्लू-रे असं जाहीर केलं. दोन दिवसांनी लास वेगासच्या प्रदर्शनात एचडी डीव्हीडी गटाची पत्रकार परिषद होती, ती रद्द झाली. मग एकेकाने एचडी डीव्हीडी सोडली: ११ फेब्रुवारीला तेव्हा डिस्क भाड्याने देणारं नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय ही दुकानसाखळी, १५ तारखेला वॉलमार्ट, १९ तारखेला खुद्द तोशिबा. पहिल्या घोषणेपासून शेवटचीपर्यंत ४६ दिवस. तोवर जगभरात सुमारे १० लाख यंत्रं विकली गेली होती, म्हणजे तुमच्यासारखं खोकं जपणारे एकटे तुम्ही नाही. पुढच्याच वर्षी तोशिबाने स्वतःचा ब्लू-रे प्लेअर बाजारात आणला. राग ठेवायचाच असेल तर इथे ठेवा. स्वतःवर काढू नका.

भरपाईचं मात्र विसरा. बेस्ट बायने तेव्हा आपल्या ग्राहकांना ५० डॉलरचं कार्ड दिलं होतं, वॉर्नरने पुढे अमेरिकेपुरती ४.९५ डॉलर आणि टपालखर्च घेऊन डिस्क बदलून द्यायची सोय काढली होती. त्या खिडक्या कधीच बंद झाल्या. आता कुणाला पत्र लिहून उपयोग नाही. मला लिहिलंत तेवढं पुरे.

एक मात्र बोलते, रागावू नका. प्लेअर घेणं ही चूक नव्हती, पण युद्ध चालू असताना तीन महिन्यांत ४३ डिस्क घेणं ही होती. मांडव कुणाचा हे ठरलं नसताना आहेर कशाला?

आता त्या ४३ डिस्क. भंगारात देण्याआधी सगळ्या एकदा शांतपणे काढून बघा. काहींवर एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी असेल. अशा जोडडिस्क बऱ्याच निघाल्या होत्या. त्या उलट्या घातल्या की साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये चालतात. तुमच्या खोक्यात अशा काही असल्या आणि इतकी वर्षं तुम्ही त्या निरुपयोगी समजत असलात, तर तुम्ही पहिले नव्हे.

अडकणाऱ्या डिस्क वेगळ्या काढा. मऊ कापडाने मधून बाहेरच्या दिशेने पुसा, गोल गोल नाही. मग नोंद ठेवा: तीच डिस्क दर वेळी त्याच जागी अडकते, की वेगवेगळ्या डिस्क कुठेही अडकतात? पहिलं असेल तर बहुधा डिस्क गेली. दुसरं असेल तर प्लेअरच्या लेझरचं वय झालंय. वॉर्नरच्या एचडी डीव्हीडी वरून चकाचक दिसतात आणि आतून बिघडतात, ही संग्राहकांची जुनी तक्रार आहे. त्याच काळातल्या, २००६ ते २००८ मधल्या, आपल्या काही साध्या डीव्हीडीही खराब झाल्याचं कंपनीने २०२५ मध्ये मान्य केलं. म्हणून तपासणीत त्यांना पहिला नंबर द्या. खराब होत चाललेली डिस्क जपून ठेवल्याने सुधारत नाही.

चालणाऱ्या डिस्कपैकी ज्या सिनेमांची ब्लू-रे किंवा ऑनलाइन प्रत सहज मिळते, त्या सोडून द्या. मन घट्ट करावं लागेल, पण तुम्ही त्या पुन्हा बघणार आहात का, हे स्वतःलाच विचारा. ज्यात एखादी वेगळी आवृत्ती किंवा दुसरीकडे न मिळणारी मुलाखत आहे, तेवढ्या ठेवा. दहा-बारा राहतील असा माझा अंदाज. त्या कॉम्प्युटरवर वाचायच्या असतील तर एक्सबॉक्स ३६० साठी निघालेला एचडी डीव्हीडीचा सुटा ड्राइव्ह यूएसबीने जोडता येतो, आणि एलजीने ब्लू-रे व एचडी डीव्हीडी दोन्ही वाचणारे ड्राइव्ह काढले होते. जुन्या बाजारात दोन्ही अधूनमधून दिसतात. पण दाखवणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरने या डिस्कला कधीच रामराम केलाय, तेव्हा थोडी खटपट आहे. सिनेमाच्या डिस्कचं संरक्षण तोडून प्रत काढणं तुमच्याकडच्या कायद्यात बसतं का, हेही आधी बघा.

प्लेअर ठेवा. तो उत्तम डीव्हीडी प्लेअर आहे. साध्या डीव्हीडीचं चित्र मोठ्या टीव्हीसाठी वाढवून देण्यात या यंत्रांचा हात धरणारी यंत्रं तेव्हा थोडीच होती. (तोशिबाच्या २००६ च्या पहिल्या मॉडेलमध्ये चक्क पेन्टियम ४ होता आणि आत लिनक्स चालायचं. बटण दाबल्यावर जागं व्हायला मिनिटभर लागायचं. टीव्हीखाली आख्खा कॉम्प्युटर दडवून त्याला प्लेअर म्हणायचं धाडस मला अजून आवडतं.) आणि विकायची वेळ आलीच तर लक्षात घ्या, चालता प्लेअर डिस्कपेक्षा मोलाचा. डिस्क लाखोंनी छापल्या गेल्या, यंत्र मात्र दर वर्षी कमी होतंय. एकत्र विका, सुटं नको.

मुलाला माझ्याकडून एक गोष्ट सांगा. १९९८ मध्ये अमेरिकेत सर्किट सिटी या दुकानसाखळीने डिव्हएक्स नावाची डिस्क आणली. डिस्क स्वस्तात घरी न्यायची, पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास बघायची, पुढे बघायचं तर पुन्हा पैसे. हिशेबासाठी प्लेअर टेलिफोनच्या तारेवरून कंपनीला कळवायचा. वर्षभरात, जून १९९९ मध्ये, गाशा गुंडाळला आणि २००१ च्या मध्यावर मागची यंत्रणा बंद झाली. त्या दिवशी लोकांच्या घरातल्या डिव्हएक्स डिस्क एकाच वेळी मेल्या. ओरखडा नाही, काही नाही. तुमची एचडी डीव्हीडी हरली, पण आजही ती लागताना कुणाची परवानगी मागत नाही. मुलगा ज्याला "सगळं ऑनलाइन मिळतं" म्हणतो, त्याचं नातं तुमच्या डिस्कपेक्षा डिव्हएक्सशी जवळचं आहे. मीही ऑनलाइनच बघते, रोज बघते. पण बघणं आणि आपल्याकडे असणं यांत फरक आहे, हे तुमच्या घरात तुमच्याइतकं कुणाला कळणार?

म्हणून फोर-के डिस्कला घाबरू नका. २०१६ मध्ये आलेल्या या डिस्कला कुणी प्रतिस्पर्धी उभाच राहिला नाही. धोका आता वेगळा आहे: यंत्र बनवणारेच मैदान सोडतायत. ओप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये नवे प्लेअर काढणं थांबवलं. तेव्हा घ्यायचा तर उद्यावर टाकू नका. हे प्लेअर ब्लू-रे आणि डीव्हीडीही वाचतात, जुन्या जोडडिस्कची डीव्हीडी बाजूही लागेल. डिस्क मात्र तिसऱ्यांदा बघाल अशा सिनेमाचीच घ्या.

झालं. आता ताजा कलम.

त्या ४३ डिस्क उद्या पाण्यात पडल्या तरी जगातून एकही सिनेमा कमी होणार नाही. त्या ११ कॅसेटच्या मात्र जगात प्रत्येकी एकच प्रत आहे. पत्रात तुम्ही जागा उलट्या मापाने वाटलीत. वेळ आणि पैसे तरी सुलट्या मापाने वाटा.

वडिलांबद्दल एक. बीटाचं चित्र सरस असूनही तो हरला, असं तुम्ही घरात ऐकलं असेल. अर्धं खरं आहे. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स काढला तेव्हा कॅसेटवर एकच तास मावायचा. जेव्हीसीचा व्हीएचएस १९७६ मध्ये आला तो दोन तासांचा. सिनेमा एका कॅसेटवर बसेना, म्हणून सोनीने टेपचा वेग अर्ध्यावर आणला आणि चित्रातली ती थोडीशी आघाडी त्यातच बहुतेक गेली. १९८८ मध्ये सोनीने स्वतःच व्हीएचएस करायला घेतला. तरी बीटाचे रेकॉर्डर २००२ पर्यंत आणि कॅसेट मार्च २०१६ पर्यंत निघत होत्या. त्यानंतर चार महिन्यांनी फुनाई या शेवटच्या उत्पादकाने व्हीएचएसची यंत्रंही थांबवली. तेव्हा वडील काही फार मोठ्या फरकाने हरले नाहीत.

डेक का लावायचा नाही? आतले रबरी बेल्ट इतक्या वर्षांत एकतर कडक झालेत किंवा वितळून डांबरासारखे चिकट. टेपला पुढे ओढणारी रबरी रीळ, जिला दुरुस्तीवाले पिंच रोलर म्हणतात, तीही गुळगुळीत झाली असेल. अशा यंत्रात कॅसेट घातली की टेप चित्र वाचणाऱ्या फिरत्या ड्रमभोवती गुंडाळली जाते, मग यंत्र अडकतं, आणि ती सोडवायला आपण स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो. वडिलांच्या कॅसेटवर हा प्रयोग करायचा नाही. डेक जुन्या व्हीसीआरचं काम करणाऱ्याकडून उघडून, बेल्ट बदलून, हेड साफ करून घ्या. मग ज्याचं काही सोयरसुतक नाही अशी एखादी बीटा कॅसेट मिळवून ती आधी चालवा.

दरम्यान कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून रिळाकडे बघा. काळीभोर, गुळगुळीत कड दिसली तर छान. पांढुरकी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि कुठल्याही यंत्रात घालू नका. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. मी स्वतः एकदा अशी कॅसेट "बघू तर खरं" म्हणून चांगल्या डेकमध्ये घातली. चित्राच्या जागी मुंग्या आल्या, आणि साफ न करता पुढची कॅसेट घातली तेव्हा तिलाही बुरशी चिकटली. दोन्हींतलं काहीच परत आलं नाही असं नाही, पण जे गेलं ते माझ्या हाताने गेलं.

आणखी एक बीटाची खोड. टेपच्या टोकाला धातूची पट्टी असते, तिच्यावरून यंत्राला कळतं की रीळ संपली. त्या जोडाचा गोंद वाळतो. जोरात रिवाइंड केलं तर पट्टी सुटून टेप आत निघून जाते. ती पुन्हा जोडता येते, पण जाणकाराने. घरी असेपर्यंत कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, कोरड्या, थंड जागी, आणि पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून असलेली प्लास्टिकची चिमुकली पट्टी मोडलेली नसेल तर मोडून टाका. डबी-लेबलांचे फोटो काढा. वडिलांनी लिहिलेली तारीख हीच पुढे शोधायची एकमेव खूण असणार आहे. आणि वडिलांनी सोनीचा १९८३ चा बीटामूव्ही कॅमेरा वापरला असेल, तर त्यात घेतलेलं परत बघायची सोयच नव्हती, म्हणून लेबलावर आणि कॅसेटमध्ये मेळ नसला तर नवल वाटून घेऊ नका.

सगळ्या ११ एकदम कुणाच्या हवाली करू नका. सर्वांत कमी महत्त्वाची वाटते ती एक द्या, काम बघा, मग बाकीच्या. परत घेताना डीव्हीडी नको, फाइल मागा. डीव्हीडीत चित्र खूप दाबलं जातं आणि तीही एक दिवस तुमच्या खोक्यात येऊन पडेल. डीव्ही (चित्र कमी दाबणारा एक प्रकार) फाइल तासाला साधारण १३ जीबी होते. आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही. मूळ फाइलमध्ये चित्राच्या रेघा एकाआड एक असतील तशाच राहू द्यायला सांगा. गुळगुळीत करायचं ते नंतरच्या प्रतीत. रेकॉर्डिंग पालचं आहे की एनटीएससीचं (देशोदेशीच्या टीव्हीच्या दोन पद्धती), हेही त्याने ओळखायला हवं. प्रती दोन, वेगवेगळ्या घरांत. एक मुलाकडे द्या, त्याचं तसंही सगळं ऑनलाइन असतं.

आणि काम देण्याआधी त्याला एवढंच विचारा: कॅसेट कुठल्या यंत्रावर चालवणार? बरेच जण सांगतात, "बीटा आहे की आमच्याकडे," आणि निघतो तो बीटाकॅम, टीव्ही केंद्रांत चालणारा. त्याची छोटी कॅसेट दिसायला तुमच्या कॅसेटची जुळी बहीण, पण टेपचा वेग वेगळा आणि रेकॉर्डिंगची पद्धतही वेगळी. तुमच्या कॅसेटमधलं चित्र त्याला वाचताच येत नाही. त्याने बीटाकॅम दाखवला, तर आभार माना, पिशवी उचला आणि दुसरा शोधा.